साखरेचा आरोप

लेम्पीने पिशवी टेबलावर उलटी केली. ब्लूबेरी सरबताची बाटली, वेलदोड्याचे दोन गोड पाव, लिमलेटच्या गोळ्यांची अर्धी पुडी आणि साखरेचं अख्खं पाकीट नर्सच्या कागदांवर येऊन पडलं.

"हा घ्या पुरावा," ती म्हणाली. "सगळं माझ्या सुनेच्या कपाटात होतं. आता विचारा तिला, पोरीची ही दशा कशी झाली ते."

सून मेर्वी खाटेपाशी उभी होती. हेल्मीचे कपडे आणण्यासाठी तिनेच सासूला घराची किल्ली दिली होती. कपडे आणायला लेम्पी विसरली होती.

खाटेवर सहा वर्षांची हेल्मी हाताला सलाईन लावून झोपली होती. गेले तीन आठवडे ती नळाला तोंड लावून पाणी पीत होती, अंथरूण ओलं करत होती. पँट कमरेवरून घसरायला लागली, तेव्हा मेर्वीला वाटलं, पोर उंच होतेय. काल सकाळी हेल्मी उठेचना. तिच्या श्वासाला पिकून उतरलेल्या सफरचंदांसारखा वास येत होता. अँब्युलन्सने नव्वद किलोमीटर कापले आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं: टाइप वन मधुमेह. जीव वाचला होता. इन्सुलिन मात्र आता जन्मभर टोचावं लागणार होतं.

"शनिवारी एकदा, मूठभर गोळ्या," मेर्वी म्हणाली. "अख्ख्या फिनलंडात पोरं शनिवारी खातात."

"तुझा नवरा, माझा पासी, नाही खायचा. माझ्या घरात साखरेचा कण नव्हता. लोक माझ्याकडे कॉफी कडू प्यायचे आणि बाहेर पडून मला नावं ठेवायचे. ठेवू देत! माझं पोर धडधाकट राहिलं. आणि तू?"

मेर्वीने हेल्मीचं पांघरूण सारखं केलं. काल अँब्युलन्समध्ये तिनेही मागचा एकेक शनिवार आठवून पाहिला होता.

"लेम्पी, हळू बोला, वॉर्ड आहे हा," नर्स आउली म्हणाली. "साखर खाल्ल्याने हा आजार होत नाही."

"मला शिकवू नकोस, मुली. मी डोळ्यांनी पाहिलंय!" लेम्पीचा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरच्या बाईने वळून पाहिलं. "तौनो, माझा धाकटा भाऊ. सात वर्षांचा. असाच बादलीला तोंड लावून पाणी प्यायचा. असाच वाळत गेला. अंगात त्राण नाही म्हणून रडायचा, आणि आई त्याला कॉफीबरोबरचे साखरेचे खडे द्यायची. बापापासून लपवून! डॉक्टरकडे नेताना घसरगाडीतच गेला तो, गोठलेल्या तळ्याच्या मध्यावर. बापाने सगळ्या गावासमोर आईला सांगितलं, साखर चारून तूच मारलंस याला. मी बारा वर्षांची होते. मीही तेच म्हणाले."

लेम्पीने खाटेवरच्या हेल्मीकडे एकदा पाहिलं.

"सतराव्या वर्षी घर सोडलं. आईची पत्रं यायची, न फोडता परत पाठवली. तिच्या दफनालासुद्धा गेले नाही मी." लेम्पीने मेर्वीकडे बोट केलं. "आईला सोडलं नाही, तर हिला सोडीन?"

"बस्स झालं!" मेर्वी एक पाऊल पुढे आली. "माझ्या पोरीला मी मारायला निघाले होते, असं म्हणायचंय तुम्हाला? म्हणा ना एकदा तोंडाने!"

आउलीने दोघींच्या मधे खुर्ची ओढली आणि स्वतःच तिच्यावर बसली.

"ऐका. आपल्या रक्तात राखणदार पेशी असतात. विषाणू शरीरात शिरला की त्या त्याला शोधून मारतात. हेल्मीच्या पेशी चुकल्या. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या तिच्याच पेशींना त्या शत्रू समजल्या. हे कालपरवाचं नाही, कित्येक महिने, कदाचित वर्षं चाललं असेल. सुरुवात कशाने होते, ते अजून पक्कं कुणाला माहीत नाही. काही साध्या विषाणूंवर संशय आहे, शाळेत, पाळणाघरात पोरांना सर्दी नाहीतर जुलाब देऊन जातात तसले. शंभर मुलांना असा विषाणू गाठतो, नव्याण्णव बरी होतात. एखाद्याच्या पेशी शत्रू गेल्यावरही लढत राहतात. गोळ्यांचा, सरबताचा, आईच्या हाताचा यात काही दोष नाही."

"आणि तौनो?" लेम्पीने विचारलं.

"तुम्ही सांगताय त्यावरून तोच आजार. खडे मिळाले नसते तरी त्याला इन्सुलिन लागलंच असतं."

मेर्वीने टेबलावरचं साखरेचं पाकीट उचललं आणि सासूसमोर आपटलं.

"ऐकलंत? आता माफी मागा. माझी मागा, इथे, या सगळ्यांसमोर."

लेम्पीने पाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती आउलीकडे बघत होती. 

"हे डॉक्टरांना कधीपासून माहीत आहे?"

"पेशींचं? पन्नासेक वर्षं झाली असतील."

"पन्नास," लेम्पी म्हणाली. तिचे ओठ हिशोब करत असल्यासारखे हलले. मेर्वी आणखी काही बोलणार होती, पण म्हातारीचा चेहरा पाहून थांबली.

"तेव्हा आई जिवंत होती."