गुरुवारचा खेळ

माझी लेक श्रेया पुण्याला नोकरीला लागल्यापासून कळस गावच्या घरात मी एकटीच असते. रोज दुपारी तिचा फोन येतो आणि आम्ही तिच्या लहानपणचा खेळ खेळतो. ती इंग्रजीतली तीन अक्षरं देते. ती अक्षरं ज्यात सलग येतील असे शब्द आळीपाळीनं सांगायचे. दिवसभरात माझं बोलणं तेवढंच.

गुरुवारी मात्र माझं मौन असतं. दिवेलागणीपर्यंत मी तोंड उघडत नाही. त्यावरून लेक रुसते.

गेल्या शुक्रवारी ती भारी खुशीत होती. "आई, काल माझ्यासाठी मौन मोडलंस ना? वर मला हरवलंस पण. कुठनं शिकलीस गं एवढे शब्द?"

"काल मी बोललेच न्हाय, बाळा."

"व्हय व्हय, देवाला न्हाय सांगत मी," ती हसली.

आज पुन्हा गुरुवार. दुपारी माळ घेऊन देवापुढं बसले होते. माजघरात फोन वाजू लागला आणि कुणी उचलावा तसा मध्येच थांबला.

"आज ओ, एन, ई," फोनच्या स्पीकरवरून श्रेया म्हणाली. "माझा शब्द, फोन."

"स्टोन," माझा आवाज म्हणाला.

मी ओठ घट्ट मिटून घेतले. माळेवरचं बोट पुढं सरकेना. आत खेळ रंगत गेला. श्रेया कितीतरी दिवसांनी अशी खळखळून हसत होती.

मग माझा आवाज हळूच म्हणाला, "बाळा, आता फक्त गुरुवारीच फोन करत जा. बाकीचे दिवस माझं मौन हाय."

"बरं, आई," श्रेया म्हणाली.