रणगाड्याचं झाकण

“एवढं धूड या हिरव्या पट्ट्यांनी लपायचं होय?” मी विचारलं.

“लांबून लपायचं, वहिनी,” शाळेसाठी केलेला रणगाड्याचा छोटा लाकडी नमुना रंगवत भाऊजी हसले. माझे मालक असल्याच रणगाड्यात, भाऊजींच्या सोबतीनं लढताना गेले. गोळी लागली, लगेच गेले, असं भाऊजी पन्नास वर्षं सांगत आले.

“हे कुठं बसायचे?”

“पुढं. चालवायला.”

तिथलं इवलं झाकण मी नखानं उचलून पाहिलं. हललं नाही.

“चिकटवलंय होय? उघडं ठेवा की.”

भाऊजींचा ब्रश थांबला.

“तेव्हाही उघडलं नाही, वहिनी. रणगाडा पेटला, आम्ही वरनं उड्या टाकल्या. त्यांचं झाकण अडकलं.”

मी खाली बसले.

“किती वेळ हाका मारत होते?”

भाऊजी मान खाली घालून रंग ढवळत राहिले.