मळमळ

वास दारातच आला. डुकराच्या रक्ताचा. एल्कानानं श्वास रोखला आणि आत पाऊल टाकलं.

निकेतासनं आपल्या परीनं सगळं केलं होतं. घर राखेनं घासून काढलं होतं, सुरे मागच्या खोलीत लपवले होते, नवी कोरी मडकी आणली होती. जेवायला मसूर, कांदा आणि भाकरी. यहूदी पाहुण्याला चालेल एवढंच. पण अंत्युखियात डुकरं कापणाऱ्याचं घर ते. बापाचाही तोच धंदा. वास भिंतीतच मुरला होता.

सगळी गल्ली जमली होती. हिवाळाभर एल्कानानं या ग्रीक, सिरियन माणसांना रस्त्यावर उभ्या उभ्या येशूची गोष्ट सांगितली होती. आपल्या हातानं त्यांना नदीत बुडवून बाप्तिस्मा दिला होता. पण परजातीयांच्या घरी जेवणं यहूद्याला वर्ज्य; त्यांच्या छपराखाली तो आज पहिल्यांदाच बसत होता.

त्याच्याबरोबर यरुशलेमहून आलेला योएजेर बाहेरच थांबला होता. तो दबक्या आवाजात म्हणाला, ‘‘आत गेलास तेवढं पुरे झालं. ऊठ आता.’’

निकेतासनं भाकरी मोडली. त्याच्या नखांच्या कडा काळ्या होत्या, कितीही घासल्या तरी न निघणाऱ्या. येशूच्या आठवणीत सगळ्यांनी प्यायचा एकच प्याला फिरू लागला. एल्कानाच्या शेजारी निकेतासची आई बसली होती, मेलिता. म्हातारीच्या तोंडात एकही दात नव्हता. तिनं भाकरीचा तुकडा प्याल्यातल्या द्राक्षारसात बुडवला, चोखला, पुन्हा बुडवला, पुन्हा चोखला. मग प्याला त्याच्यापुढे धरला. वर चोथा तरंगत होता. काठावर लाळ होती.

एल्कानाचा हात उठेना. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या.

‘‘काका,’’ निकेतास म्हणाला, ‘‘नदीत माझं डोकं धरलंत तेव्हा हात विटाळला नाही तुमचा. एका बापाची लेकरं म्हणालात आम्हाला. मग आज तोंड का वाकडं?’’

त्याच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. एल्कानाला दिसलं, दाराजवळचे दोघं चपला शोधत होते.

त्यानं प्याला घेतला आणि तोंडाला लावला. भिजलेला चोथा जिभेला लागला, टाळूला चिकटला. त्यानं गिळला. प्याला पुढे दिला. दाराजवळचे दोघं पुन्हा बसले.

मग तो उठला आणि तोंडावर हात दाबून बाहेर पळाला.

गल्लीतल्या भिंतीला टेकून तो ओकला. पोटातलं सगळं पडलं, तरी आतडी पिळवटतच राहिली. योएजेर चार पावलं मागे सरला.

‘‘आपला धर्म तू विसरलास, पण तुझं पोट नाही विसरलं,’’ तो म्हणाला. ‘‘यरुशलेममध्ये आपले वडीलधारे विचारतील तेव्हा मी पाहिलं तेच सांगणार.’’ आणि तो निघून गेला.

मागून कुणीतरी एल्कानाचं कपाळ धरलं. तळवा खरखरीत होता.

‘‘येऊ दे, पोरा. आत ठेवू नकोस.’’ मेलिता होती.

‘‘आजी, माफ करा...’’ त्याला स्वतःचीच किळस आली होती.

‘‘माफी कसली मागतोस? सुंता म्हणजे तुम्ही लोक काय कापता ते निकेतासनं सांगितलं, तेव्हा मलाही असंच उलटलं होतं. त्या दिवशी नदीवर तू माझं डोकं धरलंस ना, शहारे आले होते अंगावर. म्हटलं, याच हातांनी हा आपल्या पोरांना कापत असेल.’’

एल्काना भिंतीकडे बघत राहिला. ‘‘आणि आता?’’

त्याला पुन्हा उमासा आला तशी म्हातारीनं कपाळावरची पकड घट्ट केली. त्यानं मान जराशी वळवून पाहिलं. मेलितानं तोंड दुसरीकडे फिरवलं होतं आणि मोकळ्या हातानं डोक्यावरच्या कापडाचं टोक नाकाशी गच्च दाबून धरलं होतं.