अकरावा प्रश्न

अकराव्या प्रश्नापाशी सरांचं पेन अडलं.

पहिले दहा त्यांनी दणक्यात सोडवले होते. मासेमारीच्या रॉडची लांबी, वजन, रिळाचा नंबर, खरेदीची तारीख. भूमितीच्या सरांना अशा प्रश्नांत मजाच येते. अकरावा मात्र थेट गळ्याशी आला: 'वस्तू शेवटची कुठे वापरली? जागेचा नेमका तपशील, जवळचा रस्ता आणि हाताने काढलेला नकाशा.'

"यांना काय करायचंय ते?" सर भडकले. "रॉड चोरीला गेला बाल्कनीतून. नदीचा काय संबंध?"

"विमा कंपनी आहे. त्यांना सगळ्यातच रस असतो," मटार सोलत बायको म्हणाली.

रॉड कार्बन फायबरचा होता, सरांचे दोन महिन्यांचे पगार गिळून बसलेला. त्याचा विमा काढायची कल्पना बायकोचीच. मोडतोड, चोरी, आग, पूर, दंगल, सगळ्यांपासून त्याला संरक्षण होतं. सरांना नव्हतं. मागच्या वर्षी त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसले, तेव्हापासून कुठलीच कंपनी त्यांना दारात उभं करत नव्हती. थोडक्यात, घरातली सगळ्यात सुरक्षित व्यक्ती बाल्कनीच्या कोपऱ्यात उभी असायची.

तीन कंपन्यांचे कागद बायकोने आठवडाभर वाचले. तिची नोकरी पॅथॉलॉजी लॅबमधली, बारीक बघायची सवयच. शेवटी तिने सगळ्यात महागडी कंपनी निवडली. का, तर म्हणे, "यांचा क्लेमचा फॉर्म चांगला आहे." सरांनी कीव केल्यासारखी मान हलवली आणि पेन्सिलीच्या खुणा होत्या तिथे तिथे सह्या ठोकल्या.

आणि या सोमवारी सर शाळेतून आले तर कोपरा रिकामा. चोर मोठा रसिक असावा. पाइपावरून दुसऱ्या मजल्यावर चढला, शिलाई मशीनला हात लावला नाही, वाळत घातलेली नवी पँट अलगद बाजूला सारली आणि फक्त रॉड घेऊन गेला. सर तसेच पोलिसांत निघाले होते. बायकोने थांबवलं. "आधी फॉर्म भरा. पोलीस काही पळून जात नाहीत."

आणि फॉर्मने विचारलं काय, तर जागा!

गेली नऊ वर्षं दर रविवारी सर 'नदीवर' जात. नदी एकशे चाळीस किलोमीटर लांब आहे. यापलीकडची माहिती त्यांनी कुणालाही दिली नव्हती. मेहुण्याने फारच गळ घातली तेव्हा त्याला धरणाखालची जागा सांगितली. तो बिचारा सलग सहा रविवार तिथे बसला आणि नाकाची सालं सोलवटून परत आला. मासा एकही नाही. ती आठवण सरांना अजून गुदगुल्या करते. फोनही ते घरीच ठेवत. आवाजाने मासे बिथरतात म्हणे. एकट्याने लांब जाऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यावर, "एकटा कुठे? मासे असतात की!" असं म्हणून सर स्वतःच बराच वेळ हसले होते. बायको हसली नव्हती.

"धरणाखाली, असं लिहून टाकतो," सर म्हणाले.

"लिहा की. फक्त तळाशी काय छापलंय ते वाचा."

खोटी माहिती आढळल्यास क्लेम रद्द. सरांनी तरीही धरणाखालचा नकाशा काढायला घेतला. पण चौथ्या रेघेला हात थांबला. जिथे कधी बसलोच नाही, तिथली अंतरं कुठून आणायची? नकाशाला प्रमाण नाही म्हणून तीस वर्षं मुलांचे गुण कापणाऱ्या माणसाला ते काही जमेना.

"तुझ्या भावाला दाखवणार नाहीस ना?"

"दादाला? तो आता रविवारी झोपतो."

सरांनी पट्टी आणि कोनमापक आणला, पेन्सिलीला टोक केलं. नकाशा झकास उतरला. मुख्य रस्ता, वीटभट्टीनंतरचा डावा फाटा, बंद पडलेलं पंपघर, तिथून दोनशे दहा पावलं, वाकडं झाड, झाडाखालचा सपाट दगड. उत्तरेचा बाण. एक सेंटिमीटर म्हणजे शंभर मीटर. दगडावर बारीकशी फुली मारताना त्यांना आपणच गळाला लागल्यासारखं वाटलं.

"गाडी कुठपर्यंत जाते?" बायकोने विचारलं.

"हेही विचारलंय?"

"विचारतील."

"पंपघरापर्यंत. पुढे चालत."

"मोठी गाडी? व्हॅनबिन?"

"जाते. म्हणावं, आरामात जाते!" सर वैतागून म्हणाले, आणि त्यांनी तेही लिहिलं.

बायकोने हात पुसले. नकाशाचं पान उचललं. मुख्य रस्त्यापासून फुलीपर्यंत दोनदा बोट फिरवलं. मग ती आतल्या खोलीत गेली आणि बाहेर येऊन तिने मटारच्या टरफलांवर रॉड ठेवला.

सर आधी रॉडकडे बघत राहिले, मग तिच्याकडे.

"हा... हा होता कुठे?"

"कपाटामागे. बघा, विचारलं की मी लगेच सांगते."

"आणि फॉर्म? कंपनीला आता..."

फॉर्म कंपनीकडे गेलाच नाही. त्यातलं नकाशाचं पान बायकोने तेवढं फाडून घेतलं आणि फ्रिजवर चुंबकाने लावलं, अँब्युलन्सच्या नंबरच्या बरोबर खाली.