टॅबमधला गळा

मुलांनो, अशी एक शाळा डोळ्यांसमोर आणा, जिथे गाण्याच्या तासाला कुणीच बेसूर होत नाही. कानात इअरफोन घालून तुम्ही कसंही गा; समोरचा टॅब तुमचा आवाज क्षणात सुरात बसवून तुम्हाला ऐकवतो.

चौथीतली कृत्तिका पहिलीपासून तोच आवाज ऐकत आली होती. घरीही ती टॅबशिवाय गात नसे. धाकट्या भावाच्या बारशाला पाळणा म्हणायचा हट्ट तिचाच. बायका जमल्या. बाळ रडत होतं. आईच्या सांगण्यावरून टॅब दप्तरातच ठेवून तिने पाळण्याची दोरी धरली, पहिली ओळ म्हटली आणि दचकून थांबली.

"हे कोण गातंय, आत्या?"

"तूच की. पाळण्याला का कंठ फुटलाय?" बायका हसल्या.

"माझा आवाज असा नाहीये."

आत्याचं हसू मावळलं. इतक्यात कृत्तिकेच्या ओळीने उगी झालेलं बाळ पुन्हा रडू लागलं.

"म्हण गं, त्याला आवडतंय," आई म्हणाली.

कृत्तिकेने भोवतालच्या बायकांकडे पाहिलं. मग आत्या बाळाला नाव सांगायला वाकते तशी ती पाळण्यात वाकली आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, त्याच्या कानात सगळा पाळणा म्हणाली.