इष्टलिंगाची शपथ

"रक्तातला आकडा वाढलाय," रिपोर्टवरून नजर न काढता डॉक्टर म्हणाले. "कुठून तरी गहू जातोय हिच्या पोटात. रोज जातोय."

"घरात गव्हाचा दाणा न्हाई, साहेब," शिवकन्या म्हणाली. "दहा महिने झाले."

डॉक्टरांनी नुसती मान हलवली. त्यांचा विश्वास बसला नव्हता, आणि त्यांचं तरी काय चुकलं? शेजारच्या खुर्चीवर तिची लेक अंबिका बसली होती. वय आठ, फ्रॉक सहा वर्षांच्या पोरीचा. हातापायांवर मांस नाही आणि पोट तेवढं फुगलेलं.

लातूरच्या त्या दवाखान्यातून घरी येताना रिक्षात शिवकन्या एकच विचार करत होती. आता आणखी काय बंद करायचं? पोरीला गहू चालत नाही असं कळलं त्याच दिवशी तिनं पोळपाट, लाटणं, परात, तवा, सगळं नवं आणलं होतं. घरात छोटी गिरणी घेतली. तिच्यात ज्वारीशिवाय काही पडू दिलं नाही. तिचा नवरा मन्मथ पोळीवाचून दिवस काढत होता आणि बिचाऱ्यानं कधी कुरकुर केली नाही. बिस्किटं, शेवया, रवा, मैदा, सगळ्यांना रजा मिळाली. खाऊचं पुडकं आणलं की त्यावरची इंग्रजी अक्षरं अंबिका वाचून दाखवायची. शिवकन्याचं इंग्रजी बेताचं, पोर इंग्रजी शाळेत. घरातली तपासणी अधिकारी तीच.

एवढं डोळ्यांत तेल घालून सांभाळलं, आणि सहा महिन्यांनी आकडा जिथल्या तिथं. मग संशय जायचा कुणावर? घरात चौथं माणूस एकच होतं. सासू.

मल्लम्मांना हा आजारच मुळात पटला नव्हता. "गव्हानं कुणी आजारी पडतंय व्हय?" असं त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या आणि शिवकन्यानं ते वाक्य मनात जपून ठेवलं होतं. त्यात श्रावणात त्या नातीला मठात घेऊन गेल्या. मठात प्रसाद कसला, तर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. दुसऱ्या दिवशी अंबिकाचं पोट नगाऱ्यासारखं झालं.

शिवकन्यानं तोंडावरच विचारलं. म्हातारीनं गळ्यातलं इष्टलिंग काढून तळहातावर घेतलं.

"ह्याची शपथ. कण बी दिला न्हाई मी पोरीला. पोट दुखलं तर ओवा तेवढा देते."

"प्रसादाला न्हाई म्हणणारं तोंड हाय का तुमचं, आत्याबाई?"

यानंतर त्या घरात दोघींना बोलण्यासारखं काही उरलं नाही. मल्लम्मा धाकट्या लेकाकडे मुखेडला निघून गेल्या. त्यांची पाठ फिरताच शिवकन्यानं त्यांचा ओवा, बडीशेप, सुंठ, सगळे डबे कचऱ्यात रिकामे केले. कशात काय मिसळलंय, कुणी सांगावं? पोटदुखीवर ती आता स्वतःच्या हातानं औषध करायची. ताकात चिमूट-दोन चिमूट हिंग, सकाळ-संध्याकाळ. फोडणीत हिंग पहिल्यापासून होताच. तोही दुकानातला, सीलबंद. डबी आणली की ती मिसळणाच्या डब्यात ओतून ठेवायची.

दोन महिन्यांनी मल्लम्मा मुखेडलाच वारल्या. शिवकन्या मातीला गेली. लिंगायत रिवाजाप्रमाणे त्यांना समाधीत बसवलं होतं आणि डाव्या तळहातावर तेच इष्टलिंग ठेवलं होतं. जावा रडत होत्या. शिवकन्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. खोटी शपथ अंगावर आली, असं तिच्या मनात आलं, आणि असं मनात आल्याची तिला लाजही वाटली नाही.

आज मात्र ती घाबरली होती. सासू घरातून जाऊन चार महिने झाले होते. आकडा कमी व्हायचा तर वाढला होता. ज्याच्यावर बोट ठेवावं असं घरात आता कुणी उरलं नव्हतं.

मन्मथनं रिपोर्ट दोनदा वाचला आणि घडी घालून कॅलेंडरमागे खोचून ठेवला.

"पोर ऱ्हाती का न्हाई आपल्याला?" तो म्हणाला.

"आई, लई दुखतंय," स्वयंपाकघरातून अंबिकाचा आवाज आला.

शिवकन्या लगबगीनं उठली. तिनं ताक घुसळलं. मिसळणाच्या डब्यातला हिंग संपला होता म्हणून तिनं नवी डबी फोडली आणि आज रोजच्यापेक्षा जास्तच टाकला. अंबिकानं एका दमात पेला रिकामा केला. मग ओट्याला टेकून, पुडकी वाचायच्या सवयीनं तिनं ती डबी हातात घेतली, उलटी केली आणि मागच्या बारीक अक्षरांवरून बोट फिरवू लागली. शिवकन्यानं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. हिंगाच्या डबीत हिंगाशिवाय दुसरं काय असणार?

"आई," ओठावरचं ताक पुसत अंबिकानं विचारलं, "ह्यावर बी व्हीट लिहिलंय. व्हीट म्हंजे गहूच ना गं?"