अर्धी हाक

“आई, तू वर्गात चिडलीस की तो लॅपटॉप पण ओरडणार का गं?”

प्रश्न लेकीचा स्वतःचा नव्हता. बाकावरच्या तिघी मैत्रिणींनी पैज लावून तो तिच्या गळ्यात घातला होता. घशाच्या ऑपरेशननंतर आई सोमवारी पहिल्यांदाच शाळेत जाणार होती, त्यांच्याच नववी अ ला गणित शिकवायला. आणि आता आईचं सगळं बोलणं मांडीवरच्या लॅपटॉपमधून यायचं. आई टाइप करायची, तो बोलायचा.

आईचे खांदे गदगदा हलले. आई अशीच हसायची आता. मग बोटं भराभर चालली.

“ओरडणार नाही,” लॅपटॉप म्हणाला, “पण गृहपाठ दुप्पट देईल. जाऊन सांग तुझ्या टोळीला, भिं—”

आणि थिजला. स्क्रीन तशीच, बाण तसाच, आत पंखा घोंघावतोय. कुठलीही कळ दाबा, ढिम्म.

“झालं!” बाबा दारातून म्हणाले. ते सभा-समारंभांना स्पीकर लावून द्यायचे; यंत्रांशी प्रेमाने बोलत, माणसांशी जमेल तसं. “कोणी सांगितलं होतं लॅपटॉपमध्ये नवी लिनक्स सिस्टीम टाकायला? चाललं होतं ना बरं?”

“बरं कुठे, बाबा? एक वाक्य बोलेपर्यंत अख्खा वर्ग डबे खाऊन हात धुऊन आला असता!”

ते खरंच होतं. अपग्रेडनंतर आईचं बोलणं बोटांबरोबर पळायला लागलं होतं. पळायचं आणि मध्येच पडायचं. सोमवारी भरल्या वर्गापुढे असं पडलं, तर आई फळ्यासमोर नुसती उभी राहणार होती. नुसती. पोरीच्या डोळ्यांपुढून ते चित्र हलेना. अपग्रेडचं बटण दाबणारं बोट तिचंच होतं.

तिने पॉवरचं बटण दाबून धरलं, मशीन पुन्हा सुरू केलं आणि एकेका संशयिताला धरायला बसली. चार्जर काढून पाहिला. बाकीचे प्रोग्राम बंद केले. तापतंय का म्हणून टेबलावर पुस्तकं रचून मशीन त्यांवर ठेवलं. मग बीजगणिताचा अख्खा धडा त्याच्याकडून वाचून घेतला. पठ्ठ्याने एका दमात वाचला.

“आता माझ्याशी बोल, आई. काहीही.”

“दप्तर जागेवर ठेव,” लॅपटॉप म्हणाला. “मोजे धुवायला टाक. किती वेळा सांगायचं गं, भिं—”

थिजला.

मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. बाबा खुर्ची ओढून बसले.

भिंगरी. घरातलं नाव, एका जागी न ठरणाऱ्या पोरीला शोभणारं. लॅपटॉपमधला तेवढा एक शब्द मशीनचा नव्हता. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी आईपुढे माईक ठेवला होता, तेव्हा दुखऱ्या घशातून स्वच्छ निघालेला तो एकच. बाबांनी तो बोलणाऱ्या प्रोग्राममध्ये कसाबसा बसवला होता. बाकी सगळं मशीनच्या आवाजात. भिंगरी मात्र आईच्या.

बाबांनी बराच वेळ आत डोकं घालून पाहिलं.

“नव्या सिस्टीमला माझं जुगाड झेपत नाहीये,” ते शेवटी म्हणाले. “बोलणारा प्रोग्राम स्पीकर सोडत नाही आणि हे रेकॉर्डिंग स्पीकर मागतंय. दोघं हटून बसले की सगळंच अडतं.”

“मग करा ना नीट!”

“बसवलं तेही दहा जणांना विचारून विचारून, बाळा. मला काढता तेवढं येतं.”

त्यांनी रेकॉर्डिंग तात्पुरतं बाजूला केलं. आईने एकच शब्द टाइप केला.

“भिंगरी,” मशीन म्हणालं. बँकेत टोकनचा नंबर पुकारतात तसं. अडलं नाही, थिजलं नाही.

आईने हात उचलून मांडीवर ठेवले. जरा वेळाने पुन्हा कळांवर नेले.

“चालेल,” मशीन म्हणालं.

“काही चालणार नाही!” भिंगरी उसळली. “राहू दे ना तो शब्द आत. वर्गात तू मला भिंगरी थोडीच म्हणणारेस? टाइप करू नकोस, झालं!”

“बोटं ऐकत नाहीत गं,” मशीन म्हणालं. “तू समोर दिसलीस की आपोआप तिकडेच जातात. कायमचं काढा हो ते रेकॉर्डिंग.”

बाबांनी मान हलवली आणि माऊस हातात घेतला.

भिंगरीने खिडकीबाहेर पाहिलं. फाटकाशी तिघी ताटकळत होत्या. एक खुणेनेच विचारत होती, ‘ओरडतो का?’ वर्गातला खिडकीजवळचा पहिला बाक चौघींनी भांडून मिळवला होता. ब तुकडीत तिच्या ओळखीचं कुत्रं नव्हतं. तिथे गणिताला दुसरे सर होते.

“थांबा, बाबा.” तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. “तो शब्द परत होता तिथे ठेवा. घरी बंद पडला तर पडू दे, घरी मी आहे चालू करायला.” मग ती आईकडे वळली. “आणि आई, मोठ्या बाईंना मी विचारते. सोमवारपासून मी ब तुकडीत बसणार.”